मुके खेळणे, बोलके घर

गेल्या महिन्यातील पालक सभेत शेवटच्या दहा मिनिटांत एक विषय निघाला आणि वेळ संपल्यामुळे तसाच राहिला. दुपारी बालवाडी सुटण्याच्या वेळी मुलांना न्यायला आलेल्या आया कडेवर धाकटे मूल घेऊन व्हरांड्यात अर्धा-अर्धा तास उभ्या असतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यातील खोली उघडून द्यावी असा विश्वस्तांचा चांगला विचार आहे. एका देणगीदारांनी त्या खोलीत टीव्ही बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरी सूचना अशी आली की टीव्हीऐवजी एक सतरंजी आणि खेळण्यांची पेटी ठेवावी. कोणती खेळणी, असे विचारताच तीन-चार आयांनी एकाच खेळण्याचे नाव घेतले, आणि तेवढ्याच आयांनी "ते मुळीच नको" असेही सांगितले. त्या खेळण्याबद्दल आणि त्या निमित्ताने त्या खोलीबद्दल मला जे वाटते, ते या पानावर मांडते.

खेळणे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. दुकानात त्याला पॉप-अप टॉय म्हणतात. प्लॅस्टिकची एक बैठक, तिच्यावर ओळीने चार-पाच झाकणे आणि प्रत्येक झाकणापुढे एक कळ. एक कळ दाबायची, दुसरी फिरवायची, तिसरी ओढायची, चौथी बाजूला सरकवायची. कळ बरोबर चालवली की झाकण टपकन उघडते आणि आतून एखादा प्राणी डोके वर काढतो. झाकण दाबून बसवले की पुन्हा पहिल्यापासून. साधारण नऊ-दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या बाळासाठी ते असते. त्यात दोन जाती आहेत. एक मुकी, फक्त स्प्रिंगवर चालणारी. दुसरी बॅटरीची, तीत झाकण उघडले की दिवे लागतात, गाणे वाजते आणि एक बाई इंग्रजीत प्राण्याचे नाव सांगून बाळाला शाबासकी देते.

सभा संपल्यावर जिन्यात उभ्या उभ्या आम्ही आपापले अनुभव सांगितले. ते ऐकण्यासारखे होते.

एका आईने सहाव्या महिन्यातच हे खेळणे आणले. बाळाने आठ दिवस त्याचा कोपरा चोखला आणि सोडून दिले. "पैसे पाण्यात गेले" म्हणून तिने ते माळ्यावर टाकले. दहाव्या महिन्यात सहज खाली काढले, तर बाळ तासभर झाकणे मिटत बसले. उघडायची आईने, मिटायची बाळाने. हा अनुभव पुष्कळ घरांत आला आहे. मूल आधी मिटायला शिकते, कारण त्याला वरून हाताचा एक फटका पुरतो. मग दाबणे आणि सरकवणे येते. फिरवायची कळ सर्वांत शेवटी जमते, कारण तिला मनगट वळवावे लागते, आणि ते पुष्कळ बाळांना वर्ष उलटल्याशिवाय साधत नाही. म्हणून खोक्यावर लिहिलेला महिना आणि आपल्या बाळाचा महिना जुळला नाही तर घाबरू नये.

दुसरीच्या बाळाची गंमत अशी की फिरवायची कळ जमेना, तेव्हा त्याने आईचे बोट धरले, कळीवर नेऊन ठेवले आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. शब्द एकही येत नव्हता, पण सांगणे पूर्ण होते. जुळ्यांच्या वडिलांनी सांगितले की झाकणे पाच असूनही दोघांना एकाच वेळी हत्तीच हवा असतो. "मुळीच नको" म्हणणाऱ्यांचे अनुभवही खरे होते. एका बाळाचे बोट झाकणाच्या बिजागरीत चिमटले. एक बाळ स्प्रिंगच्या आवाजाने इतके दचकले की खेळणे दिसले तरी रडू लागे. एका घरी थोरल्या भावाने दोन दिवसांत स्प्रिंग तोडली. आणि बॅटरीच्या गाण्याला कंटाळलेल्या तर सगळ्याच होत्या.

आता या खेळण्यात बाळाला एवढे काय सापडते, ते पाहू. "मी हात लावला, म्हणून ते झाले," हा शोध त्याला लागतो. आपण विजेचे बटण रोज दाबतो म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही. बाळाला ती फार मोठी बातमी असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी १९६९ साली दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला रिबीन बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला बांधले. पाय हलवला की वरचे खेळणे हलते, हे काही मिनिटांत बाळांच्या लक्षात आले आणि ती पाय जोरजोराने हलवू लागली. आपल्या आजींनी पाळण्यावर कापडी चिमण्या टांगल्या, तेव्हा कोणी प्रयोग म्हणून टांगल्या नव्हत्या, पण हात उडवून चिमण्या हलवणारे बाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढचा शोध झाकणाखालच्या प्राण्याचा. स्वित्झर्लंडचे झां पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून लिहिले की साधारण आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मूल दडवलेली वस्तू शोधू लागते. दिसत नाही, तरी ती कुठेतरी आहे, ही समज तेव्हा पक्की होऊ लागते. आपला "बुवाऽऽ कुक"चा खेळही तोच. पदराआड गेलेली आई पुन्हा येते, तसा झाकणाखाली गेलेला हत्ती पुन्हा येतो.

येथपर्यंत मुके खेळणे आणि बोलके खेळणे सारखेच. यापुढे मात्र दोहोंत फरक पडतो, आणि तो मला माझ्याच घरात फार उशिरा कळला.

माझा थोरला आज चौथीत आहे. तो दहा महिन्यांचा असताना आम्ही बॅटरीचे खेळणे आणले होते. मी तेव्हा नोकरी करत होते. घरी आल्यावर पोळ्या होईपर्यंत ते खेळणे त्याला गुंतवून ठेवी आणि त्या वेळी मला ते देवासारखे वाटे. ते बोलत असे, म्हणून मला बोलावे लागत नसे. आज तो हुशार आहे, त्याचे इंग्रजी चांगले आहे, दारावरच्या भाजीवाल्याशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी दखनीत तो छान बोलतो. पण नळ सुटला की गच्चीवरून ओरडतो, "आई, पाणी आला!" नांदेडहून माझ्या आईचा फोन आला. तिने विचारले, "बाळा, जेवण झालं का?" तो म्हणाला, "हो आजी, जेवण झाला." ती हसली. मग फोन माझ्याकडे आल्यावर हळूच म्हणाली, "तुम्ही घरात बोलता तरी काय गं?" त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

एका खेळण्यामुळे मुलाची मराठी बिघडली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. हिंदीत दोनच लिंगे आहेत, मुलाच्या कानावर दिवसभर "पानी आया" पडते, त्याचा हा परिणाम. पण ज्या वेळी त्याच्या कानावर "आलं" पडायला हवे होते, त्या वेळी मी पोळ्या लाटत होते आणि खेळण्यातली बाई बोलत होती, हेही खरे.

धाकटी झाली तेव्हा एका मैत्रिणीने तिच्याकडचे जुने, मुके खेळणे दिले. मी पुन्हा कामावर जाऊ लागले तेव्हा माझी आई चार महिने येऊन राहिली. दुपारी ती नातीसमोर मांडी घालून बसायची, मध्ये ते खेळणे. मी एका सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "दाब. अगं, दाब की! आला गं आला, हत्ती आला. आता ही फिरव... फिरव... नाही फिरत? थांब, मी धरते. आली! माऊ आली. आता ही ओढ. आलं! कोण आलं? माकड आलं. चला, मिटा आता. हत्ती दडला, माऊ दडली, माकड दडलं. कुठे गेले सगळे?" आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

मी पोळीचा हात थांबवून ऐकत राहिले. आला, आली, आलं. दडला, दडली, दडलं. मराठीची तिन्ही लिंगे एका मिनिटात तिच्या समोरून उघडझाप करून गेली होती. व्याकरणाच्या तासाला आपण तक्ता लावून जे शिकवतो, आणि चौथीतल्या मुलाला जे अजून येत नाही, ते एक अशिक्षित म्हणावी अशी आजी प्लॅस्टिकच्या माकडाकडून करून घेत होती.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. त्या खेळण्याला चार कळा आहेत आणि मराठीत त्यांच्यासाठी चार स्वतंत्र क्रियापदे आहेत. दाब, फिरव, ओढ, सरकव. आपल्या हैद्राबादच्या मराठी घरांत आज काय ऐकू येते? "प्रेस कर, टर्न कर, पुल कर, पुश कर." चारही क्रियापदे गेली आणि हाती फक्त "कर" उरला. मोठेपणी हेच "फोन चार्ज कर, लाईट ऑफ कर" होते. मी स्वतः असेच बोलते, म्हणून कोणावर दोष ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण मुलाला क्रियापद कळायला ते हातात यावे लागते. ज्या क्षणी बोट कळ फिरवत असते, त्याच क्षणी "फिरव" हा शब्द कानावर पडला तर तो बसतो. असा क्षण त्या खेळण्यापुढे एका बैठकीत वीस वेळा येतो. खेळणे मुके असले की तो क्षण आपला होतो.

हा केवळ माझ्या घरचा अनुभव नाही. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची २६ बाळे आणि त्यांचे पालक यांचे घरातील बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यांचा अभ्यास २०१६ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. पालक आणि बाळ चित्रांचे पुस्तक घेऊन बसले तेव्हा पालक मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलले, साध्या खेळण्यांबरोबर सुमारे ५६, आणि बोलणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांबरोबर सुमारे ४०. बाळाने आवाज केला की त्याला उत्तर देण्याचे प्रमाणही त्या खेळण्यांपुढे कमी झाले. म्हणजे खेळणे बोलू लागले की माणसे गप्प बसतात. जी चूक मी केली ती बहुतेक सगळे करतात, एवढे समाधान मला त्यातून मिळाले.

सभेत एक उपाय सुचवला गेला होता. "इंग्रजी बोलणारे खेळणे नको, तर मराठी बोलणारे आणू. टीव्हीवर मराठी बडबडगीते लावू." सूचना प्रेमाची आहे, पण तिने काम होईल असे वाटत नाही. सिॲटल येथील संशोधिका पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या, घरी इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांना त्यांनी चिनी भाषेचे १२ वर्ग दिले. काही बाळांपुढे चिनी बोलणारी बाई प्रत्यक्ष बसून खेळली, वाचली. काहींना तीच बाई टीव्हीवर दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. प्रत्यक्ष बाईबरोबर बसलेल्या बाळांना चिनी ध्वनींतील फरक ओळखता येऊ लागला. टीव्हीसमोरची आणि आवाज ऐकणारी बाळे काहीच शिकली नाहीत. बाई तीच, भाषा तीच, पण समोर बसलेले माणूस नव्हते. मग आपल्या खोलीत टीव्ही मराठीत लावला तरी कडेवरच्या बाळाला त्यातून मराठी येणार नाही, आणि आई मात्र त्याच्याकडे पाहत गप्प बसेल.

नोकरी करणाऱ्या आयांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. दहा मिनिटे बाळ स्वतःशी खेळले आणि आपली भाजी फोडणीला पडली, तर त्यात काही गैर नाही. खेळणे त्यासाठीही असते. माझे म्हणणे एवढेच की दिवसातून एकदा, पंधरा मिनिटे, घरातील कोणीतरी त्याच्या समोर बसावे आणि बोलावे. बाबा बसले तरी चालतात. उलट बाबांनी बसावेच. आमच्याकडे आई नांदेडला परत गेल्यापासून रात्री जेवणानंतर हे काम यांच्याकडे आहे, आणि हत्तीचा आवाज ते आजीपेक्षा चांगला काढतात.

सुरक्षिततेबद्दल ज्या आयांनी आक्षेप घेतले, त्यांचे म्हणणे मात्र तंतोतंत पाळले पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. बेगम बाजारात सुटे, खोक्याविना मिळणारे खेळणे स्वस्त पडते, पण खूण नसेल तर ते बाळासाठी घेऊ नये. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या खुणेतून सूट आहे. त्यामुळे विशाखापट्टणमकडील एटिकोप्पाका गावची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी खूण नसली तरी विश्वासू दुकानातून घेता येतात. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा सुटा तुकडा येता कामा नये, कारण तो घशात अडकू शकतो. स्प्रिंग किंवा झाकण तुटले की खेळणे त्याच दिवशी काढून टाकावे. बॅटरीचे खेळणे घरात असेलच तर बॅटरीच्या खणाला स्क्रू आहे ना ते पाहावे. बटणासारखी गोल चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. आणि माझ्या लहानपणी नुमाईशमधून आणलेली ती लाकडी डबी, जिचे झाकण सरकवले की साप उडी मारून बोटाला टोचतो, ती थोरल्यांनी आपल्यापुरतीच ठेवावी.

खेळणे विकतच आणले पाहिजे असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूच साधने म्हणून वापरल्या. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत एक चेंडू, एवढ्यातही "उघड, मीट, कुठे गेला, आला" हे सगळे येते.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचेही काम आहे. एक कागदी पेला घ्या, तळाला चीर पाडा, आइस्क्रीमच्या काडीवर प्राण्याचे चित्र चिकटवून ती खालून आत घाला. काडी वर ढकलली की प्राणी डोकावतो, खाली ओढली की दडतो. पेला तुम्ही धरायचा, बाळाच्या हाती द्यायचा नाही. आणि प्रत्येक वेळी आला, आली की आलं, ते नीट बोलायचे. आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी बहिणीसाठी असे पाच पेले केले आहेत. पहिल्या दिवशी "बदक आला" झाले. पेला त्याच्याच हातात होता, म्हणून चूक त्यानेच पकडली.

विश्वस्तांना माझी विनंती अशी. देणगीदारांचे मनापासून आभार मानून टीव्हीची रक्कम दुसऱ्या कामी वापरावी. त्या खोलीत सतरंजी, धुता येतील अशी सहा-सात मुकी खेळणी आणि दहा-बारा चित्रांची पुस्तके ठेवावीत. खेळणी आठवड्यातून दोनदा साबणाने धुण्याचे काम आम्ही आया पाळीपाळीने करू. माझे नाव पहिल्या आठवड्याला लिहावे. आणखी एक. सकाळी वर्तमानपत्र वाचायला शाळेच्या वाचनालयात येणारी आपली ज्येष्ठ मंडळी बारा वाजता घरी जातात. त्यांतील दोघा-तिघांनी जाताना अर्धा तास त्या सतरंजीवर बसावे. त्यांचे मराठी अजून नांदेड-परभणीचे आहे, आणि ऐकायला तेथे चार-पाच बाळे रोज असतील.

माझी धाकटी आता पंधरा महिन्यांची आहे. परवा नळ सुटला तेव्हा ती मोरीकडे बोट दाखवून "आयं" म्हणाली. ते "आलं" होते की नुसताच आवाज, हे मला सांगता येणार नाही. मी नांदेडला फोन लावला आणि आईला ऐकवले. तिने काही न विचारता सांगितले, "आलंच म्हणाली ती."